चांगले आलेले चार रोल

नवतपा (मे अखेरीस सुरू होणारे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी दोनला, भाचा नागपुरातल्या महालातून स्कूटीवर माझ्याकडे प्रतापनगरला आला. तोंडाला दुपट्टा, पाठीवर सॅक, सॅकमध्ये निगेटिव्हच्या नऊ स्लीव्ह. पाणीसुद्धा न पिता त्यानं त्या माझ्या लाइटपॅडवर (खालून उजेड देणाऱ्या पाटीवर) पसरल्या आणि म्हणाला, "मामा, केमिकलच डुप्लिकेट येऊन राहिलं जी. एक रोल मस्त येते, दुसरा वाया."

मी सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत अकरा वर्षं डार्करूम केलेली. घरात निगेटिव्ह बिघडलं की माझ्याकडे यायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं आणि बहुतेक जण त्याचं खापर केमिकलवर फोडतात.

आधी परिस्थिती सांगतो. नऊही रोल इलफोर्डच्या एचपी५ प्लस फिल्मचे, ३५ मिमी. कॅमेरा एकच, त्याच्या वडिलांचा पेंटॅक्स के-१०००. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, डी-७६: पावडरचं पाकीट आणून एक लिटरचं मूळ द्रावण करायचं आणि तेच पाणी न मिसळता वापरायचं. प्रत्येक रोलला एकच कृती: २० अंश, साडेसात मिनिटं. हा आकडा त्यानं फिल्मच्या माहितीपत्रकातून घेतला होता आणि तो बरोबर आहे. टँक, म्हणजे फिल्म धुवायचा उजेडबंद डबा, एका रीलची (फिल्म गुंडाळायच्या चकतीची), ३०० मिली. सगळं सारखं, म्हणून निकाल सारखा यायला हवा, असं त्याचं म्हणणं.

रोल मागच्या मारबतीपासून (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक) मे अखेरपर्यंतचे. कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. पण प्रत्येक वेळी बाथरूमच्या दोरीवर लटकलेल्या ओल्या फिल्मचा फोटो त्यानं मित्रांना पाठवला होता, त्यामुळे नऊही तारखा फोनमध्ये सापडल्या. हौशी माणसाची मिरवायची खोड अशी कामी येते.

तारखेप्रमाणे लावल्यावर चित्र असं दिसलं. पहिला, मारबतीचा, थोडा दाट, म्हणजे जास्त काळा. दुसरा दसऱ्याला दीक्षाभूमीवर काढलेला आणि तिसरा दिवाळीचा, दोन्ही छान. चौथा जानेवारीतला, पहाटेच्या धुक्यातला फुटाळा तलाव, अगदी पातळ, म्हणजे फिका. पाचवा फेब्रुवारीचा, छान. सहावा मार्चचा, दाट. सातवा एप्रिलचा, छान. आठवा मेमधला, पातळ आणि वर पट्टे. नववा चार दिवसांपूर्वीचा, इतका काळा की त्यातून ट्यूबलाइट बघावी लागेल, आणि छिद्रांच्या शेजारी उभ्या रेघा.

"हे चार बघा ना," तो म्हणाला. "हे चार बरोबर आले, म्हणजे माझी पद्धत तर बरोबर आहे."

मलाही तेव्हा हे पटलं होतं, हे कबूल करतो.

कडेची अक्षरं

पातळ निगेटिव्ह दोन कारणांनी येतं: कॅमेऱ्यात उजेड कमी पडला किंवा टँकमध्ये डेव्हलपिंग कमी झालं. फ्रेमकडे बघून हे कळणं अवघड. पण फिल्मच्या कडेला कारखान्यातच नाव आणि फ्रेमचे आकडे उजेडानं छापलेले असतात. त्यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नाही, ते फक्त डेव्हलपरला ओळखतात. फ्रेम पातळ आणि आकडे ठसठशीत असतील तर दोष कॅमेऱ्याकडे किंवा उजेडाचं मीटर वाचणाऱ्याकडे. आकडेच फिके पडले असतील तर दोष टँकमध्ये.

म्हणून नऊही रोलच्या कडा एकाखाली एक लावल्या आणि फ्रेम काळ्या कागदानं झाकून टाकल्या. फुटाळ्याच्या रोलचे आकडे पेन्सिलीनं हलकेच लिहिल्यासारखे होते. नवव्याचे शाईसारखे, कडा फुटलेले. मारबतीच्या रोलमधल्या काही फ्रेम पातळ होत्या, तरी आकडे मात्र चांगले काळे. तिथे मीटर फसलं होतं. पिवळी मारबत इतवारीतून खांद्यांच्या वर येते, मागे सगळं पांढरं आकाश असतं. मीटर आकाशाला भुलतं आणि माणसं अंधारात जातात. काळी मारबत फ्रेमभर घेतली की उलटं होतं. तो विषय तिथेच सोडला. बाकी रोलांमधला चढउतार कडांवरही तसाच होता, म्हणजे गडबड टँकमधलीच होती.

आता भाचा गप्प झाला आणि पाणी प्यायला.

चौकशी

"करतो कसा, ते करून दाखव," मी म्हटलं. तोंडी विचारलं की माणूस पुस्तकातलं सांगतो.

त्यानं दाखवलं. डेव्हलपरची तपकिरी बाटली फ्रिजमध्ये, पन्ह्याच्या बाटलीशेजारी. (हे पहिल्यांदा बंद केलं. घरात लहान मूल असो वा नसो, केमिकल खाण्यापिण्याच्या फ्रिजमध्ये नको, आणि अति थंडीत मूळ द्रावणात खडे धरतात ते वेगळंच.) तीनशे मिली काढून घ्यायचं, २० अंश झालं की टँकमध्ये ओतायचं, साडेसात मिनिटं अधूनमधून हलवायचं आणि मग ते परत त्याच बाटलीत ओतायचं.

"परत बाटलीत?"

"वाया कायले घालवायचं, मामा?"

फेकून देणं जिवावर येतं हे मला समजतं. आमच्या उस्तादांचाही डेव्हलपरचा मोठा टँक महिना महिना चालायचा. पण ते त्यात रोज ताजं भरण घालत. दर रोलमागे डेव्हलपर थोडा खर्ची पडतो आणि फिल्ममधून सुटलेला ब्रोमाइड त्यात साठत जातो, त्यानं त्याचा जोर आणखी दबतो. मूळ द्रावण पुन्हा वापरायचं असेल तर दर रोलनंतर वेळ वाढवा, असं कंपन्यांच्या सूचनांतही लिहिलेलं असतं. भाच्यानं एका लिटरमध्ये चार-चार रोल काढले आणि चौथ्यालाही साडेसात मिनिटंच दिली.

फुटाळ्याचा रोल बाटलीतला चौथा होता. शिवाय जानेवारीतली पहाट. आपल्याकडे उन्हाळ्याचंच कौतुक फार, पण जानेवारीत नागपूरच्या बाथरूममधली फरशी पायाला चावते. वीसला ओतलेला डेव्हलपर तिथे सतरा-अठरावर उतरला असणार. डी-७६ मध्ये विकासाचं काम मेटॉल आणि हायड्रोक्विनोन दोघं मिळून करतात. जुनी कृती लिटरला २ ग्रॅम मेटॉल, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि २ ग्रॅम बोरॅक्स अशी आहे, १९२७ पासून चालत आलेली. यातलं हायड्रोक्विनोन थंडीला फार भितं. पारा उतरला की ते सुस्तावतं आणि निगेटिव्हच्या उजळ भागांना दाटपणा येत नाही.

आठव्या रोलचं कोडं लगेच सुटलं. "त्या दिवशी डेव्हलपर थंड होईचना," तो म्हणाला, "मग बर्फाचे दोन खडे टाकले."

"कुठे?"

"त्याच्यातच."

मी काही बोललो नाही. बर्फाचं पाणी डेव्हलपरमध्ये गेलं आणि तिथून पुन्हा बाटलीतही गेलं. पट्टेही त्यामुळेच, खडे पूर्ण विरघळण्याआधीच ओतलं होतं.

नवव्याला बाटली ताजी होती, पण बर्फ संपल्यामुळे २३ अंशांवरच ओतलं आणि वेळ तीच ठेवली. आणि आठव्याला पट्टे आले म्हणून यावेळी साडेसात मिनिटं टँक एकसारखी हलवली, लिंबाचं सरबत हलवावं तशी. छिद्रांतून डेव्हलपर जोरात आत-बाहेर होत राहिला की त्यांच्या शेजारी जास्त दाट रेघा उमटतात. एक दोष झाकायला गेला आणि दुसरा ओढवून घेतला.

थर्मामीटरचंही असंच. पहिला काचेचा मार्चअखेर फुटला, तेव्हा स्वयंपाकासाठी मिळतो तो डिजिटल आणला. आम्ही बर्फ ठेचून, त्यात जेमतेम भिजेल इतकं पाणी घालून लगदा केला आणि ढवळून पाच मिनिटांनी तो त्यात बुडवला. शून्य दाखवायला हवं होतं, दाखवलं १.८. माझ्या काचेच्या थर्मामीटरशी २० आणि २४ ला ताडून पाहिला, तिथेही तितकाच जास्त. थर्मामीटर खोटं बोलतो याचं मला वाईट वाटत नाही. रोज तेवढंच खोटं बोलत असेल तर निकाल सारखेच येतील. घोळ झाला तो थर्मामीटर मधेच बदलल्यामुळे: एप्रिलपासून त्याचे "२० अंश" खरे १८ होते.

इथवर पातळ आणि दाट रोलांचा खुलासा झाला होता. तरी मला एक गोष्ट खुपत होती. एप्रिलच्या रोलला बाटली दोनदा वापरलेली, थर्मामीटर खोटा, खोली ३५ अंशांची. इतकं सगळं चुकलेलं आणि तरी रोल छान, हे कसं?

एक रोल, पाच तुकडे

अंदाज बांधत बसण्यापेक्षा एक रोल खर्ची घालायचं ठरवलं. भाच्याचा चेहरा उतरला, रोल महाग आहे. पण नऊपैकी पाच रोल आधीच वाया गेले होते, तेव्हा सहावा निदान कामाचा तरी वाया जाऊ दे.

सकाळी साडेसातला गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या सावलीत मांडणी केली: चुना मारलेला कठडा, त्याला टेकवून सिमेंटची करडी फरशी आणि समोर उघडी काळी छत्री. कॅमेरा स्टँडवर, एक्स्पोजर (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते) एकदा ठरवलं, मग हात न लावता छत्तीसही फ्रेम तीन-चार मिनिटांत संपवल्या, ऊन सरकायच्या आत. दोघं माणसं छत्रीचे छत्तीस फोटो काढतायत हे बघून शेजारच्या आजी दोनदा बाहेर आल्या.

मग चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून अंधारात काम करायच्या काळ्या पिशवीत) २७ सेंटीमीटरची पुठ्ठ्याची पट्टी ठेवून अंधारातच फिल्मचे पाच तुकडे केले. प्रत्येकात जवळपास सात फ्रेम. सगळे एकाच उजेडातले, म्हणजे पुढे दिसेल तो फरक फक्त टँकमधला.

पहिला तुकडा आदर्श: ताजं डी-७६, खरे २० अंश, टँक पूर्ण वेळ २० अंशांच्या पाण्याच्या टबमध्ये, साडेसात मिनिटं. सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा उलटवायची, नंतर दर मिनिटाच्या पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा. दुसरा: ताजंच द्रावण, २० ला ओतलं, पण टब नाही, टँक ओट्यावर, खोली ३४ अंश. तिसरा: भाच्याची ती वापरलेली बाटली, पण टबमध्ये खरे २० अंश. चौथा: वापरलेली बाटली आणि टबही नाही, म्हणजे भाच्याची हुबेहूब पद्धत. पाचव्याचं पुढे सांगतो.

दुसऱ्या तुकड्याचा डेव्हलपर ओतून काढला तेव्हा त्यात थर्मामीटर बुडवला. २४.६. भाच्याला खरं वाटेना. पण हिशेब सोपा आहे. टँक आणि रील तासभर ३४ अंशांत पडलेली. थंड डेव्हलपर आत गेला तसा त्यांनीच त्याला दीड-दोन अंश वर नेलं. पुढे दर मिनिटाला आपण तिला दोन्ही तळव्यांत धरतो, तळवे गरम. राहिलेलं काम खोलीनं केलं. ओतण्याआधी तापमान मोजलं की तापमान सांभाळलं, असं आपण समजतो. फिल्म मात्र साडेसात मिनिटं आतच बसलेली असते. सरासरी २३ धरली तरी किती फरक पडतो, ते इलफोर्डच्या माहितीपत्रकातल्या उदाहरणावरून कळतं: २० अंशांला ४ मिनिटं लागत असतील तर २३ ला ३ आणि १६ ला ६. म्हणजे दुसऱ्या तुकड्याला प्रत्यक्षात दहा मिनिटांचं डेव्हलपिंग मिळालं.

दाटपणा मोजायला डेन्सिटोमीटर लागतो, तो आमच्याकडे नाही. लाइटपॅडवर डिजिटल कॅमेरा उभा केला, मीटर स्पॉटवर (एकाच छोट्या जागेचा उजेड मोजण्यावर) ठेवलं आणि फिल्मचा कोरा भाग नि कठड्याचा भाग यांत किती स्टॉपचा फरक पडतो ते मोजलं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, घनतेचे ०.३. एवढी बारकाई घरच्या कामाला पुरते.

पहिल्या तुकड्यात कठडा कोऱ्या फिल्मपेक्षा ३⅔ स्टॉप दाट. दुसऱ्यात ४⅓. तिसऱ्यात जेमतेम ३. (तिसऱ्याच्या बाटलीत बर्फाचं पाणीही होतं, त्यामुळे त्यात वापराचा दोष किती आणि पाण्याचा किती हे वेगळं काढता आलं नाही.) छत्री मात्र तिन्हींत जवळपास सारखीच. सावलीचा भाग मुख्यतः एक्स्पोजरवर ठरतो, उजळ भाग डेव्हलपिंगवर. पुस्तकात शंभरदा वाचलेलं वाक्य इथे तीन तुकड्यांत समोर पडलेलं दिसलं.

चौथा तुकडा: ३⅔.

भाच्यानं पुन्हा मोजलं. ३⅔. पहिला आणि चौथा शेजारी ठेवले तर कोणता कुठला हे सांगता येईना. एकीकडे सगळे नियम पाळलेले, दुसरीकडे एकही नाही, आणि दोन्ही निगेटिव्ह जुळ्या भावांसारखी. उष्णता वर ओढत होती, दमलेला डेव्हलपर खाली ओढत होता, आणि दोघांचं भांडण बरोबरीत सुटलं होतं. एप्रिलच्या रोलला खोट्या थर्मामीटरनंही खालच्या बाजूनं हात लावला होता.

म्हणजे नऊपैकी भाच्याला ज्या चारांचा अभिमान होता, तेच त्याला नऊ महिने फसवत होते. पाचही वाईट रोल खरं बोलत होते, फक्त त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. दर चांगल्या रोलनंतर पद्धत बरोबर आहे याची त्याला पुन्हा खात्री पटायची आणि पुढच्या वाईट रोलचा दोष पाकिटावर जायचा.

मला उस्तादांची आठवण झाली. ते अंधारात, मंद हिरव्या दिव्यापुढे क्षणभर फिल्म धरून "अजून अर्धा मिनिट" म्हणायचे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू'च्या जमान्यातली गोष्ट. त्यांच्याकडे थर्मामीटर होता, खिळ्याला टांगलेला, धूळ बसलेला. आम्हाला वाटायचं ते अंदाजानं करतात. आता कळतं, रोज चाळीस रोल हाताखालून गेले की डोळाच मोजमाप होतो. महिन्याला एक रोल धुणाऱ्या पोरानं त्यांची नक्कल करून चालत नाही.

माठाचा आकडा

खरा प्रश्न पुढे होता. नागपुरात २० अंश वर्षभर टिकवायचे कसे? मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळीच ३६ असतं. दुपारी त्या नळानं हात धुववत नाहीत. बारा लिटरचा टब ३६ वरून २० वर आणायला दोन किलोच्या आसपास बर्फ लागतो, आणि तो टिकवायला आणखी. असं दर रोलला करायचं म्हटलं की माणूस तिसऱ्या वेळी कंटाळतो आणि चौथ्या वेळी "चालते" म्हणतो. आमच्याकडे कोणतीही पद्धत अशीच मरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या व्हरांड्यातल्या माठातलं पाणी प्यायलो आणि सहज थर्मामीटर आत सोडला. आतून आवाज आला, "अहो, प्यायच्या पाण्यात काय बुडवून राहिले तुम्ही?"

२४.५.

नवतप्यातली कोरडी हवा माठाच्या अंगावरचं पाणी उडवते आणि माठ स्वतःच गार होतो. कूलरची वाळ्याची ताटीही याच तत्त्वावर चालते. बाहेर ४५ असो, माठ आपला चोवीस-पंचवीसला. तिथेच आम्ही २० चा हट्ट सोडला. आकडा २० च असला पाहिजे असं फिल्म म्हणत नाही. जो आकडा धराल तो दर वेळी तोच असू द्या, एवढंच तिचं मागणं.

पण २४ ला मूळ द्रावणाची वेळ पाच-सव्वापाच मिनिटांवर येते. पाच मिनिटांच्या आत गेलं की ओतण्या-काढण्यातले दहा सेकंदही जाणवतात आणि डेव्हलपिंग असमान व्हायला लागतं. म्हणून डेव्हलपर एकास एक पाण्यात पातळ करायचा. २० अंशांला त्याची वेळ ११ मिनिटं, २४ ला हिशेबानं पावणेआठच्या आसपास. पाचवा तुकडा हाच होता, माठ सापडेपर्यंत राखून ठेवलेला: एकास एक, २४ अंशांच्या टबमध्ये, ८ मिनिटं. मोजला, ३⅔. पहिल्याच फटक्यात जुळलं; नसतं जुळलं तर पंधरा-वीस सेकंद पुढेमागे केले असते.

पातळ केलेला डेव्हलपर एकदाच वापरून फेकायचा. बाटलीचा दमलेपणा हा विषयच त्यानं संपला. शिवाय टँक बदलली: दोन रीलची, ६०० मिली. खालच्या रीलवर फिल्म, वरचं रील रिकामं, खालचं सरकू नये म्हणून. एका रोलच्या वाट्याला ३०० मिली मूळ द्रावण येतं आणि जास्त पाणी असल्यामुळे तापमानही लवकर हलत नाही. लिटरमध्ये तीनच रोल निघतात, यावर भाच्यानं थोडी कुरकुर केली. मी फक्त नववा रोल उचलून त्याच्यापुढे धरला.

टब म्हणून थर्माकोलचं खोकं घेतलं, झाकणासकट. त्यात माठाचं बारा लिटर पाणी. फिल्म भरलेली टँक, डेव्हलपरचं मेजर, फिक्सरची (उमटलेलं चित्र कायम करणाऱ्या द्रावणाची) बाटली, सगळं पंधरा मिनिटं आधीपासून आत. रिकामी टँक तरंगते, म्हणून वर खलबत्त्यातला बत्ता ठेवतो. वीस मिनिटांत पाणी अर्ध्या अंशाच्या वर हलत नाही, हे मोजून पाहिलं. पावसाळ्यात दमट हवेमुळे माठ रुसतो, तेव्हा नळाचं सत्तावीस-अठ्ठावीसचं पाणी पाऊण किलोहून कमी बर्फात खाली येतं. बर्फ टबमध्ये, डेव्हलपरमध्ये नाही. हे त्यानं स्वतःच वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं.

वेळ कुठून कुठवर मोजायची हेही एकदा ठरवून टाकलं: ओतायला सुरुवात केली की घड्याळ सुरू, काढायला सुरुवात केली की बंद. उलटवल्यावर टँक ओट्यावर दोनदा आपटायची, बुडबुडे सुटतात. मधे फोन आला तर वाजू द्यायचा.

फिक्सरबद्दल थोडक्यात. दर वेळी रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा फिक्सरमध्ये टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो बघायचं आणि फिल्मला त्याच्या दुप्पट वेळ द्यायचा. ताज्या फिक्सरला लागलेल्या वेळेच्या दुप्पट लागायला लागला की तो टाकून द्यायचा. शेवटचं खळबळणं आणि डेव्हलपर पातळ करणं दोन्ही डिस्टिल्ड वॉटरनं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच. नळाच्या पाण्यानं वाळल्यावर फिल्मवर क्षारांचे ठिपके राहतात.

पुढचे सहा रोल

जून ते सप्टेंबर भाच्यानं सहा रोल धुतले. वहीतली एक ओळ तशीच देतो: "२१ जुलै. खोली ३०. टब २४.२ ते २४.५. ३००+३००. ८ मि. फिक्सर ५० सेकंदांत स्वच्छ. पंखा बंद ठेवायचा विसरलो." पंख्याचा उल्लेख कशासाठी असं विचारलं तर म्हणाला, वाळताना फिल्मवर धूळ बसली.

सहाही रोलच्या कडा एकाखाली एक लावल्या. आकडे सारखे. कॅमेऱ्यानं मोजलं तर सगळ्यांतला फरक एक तृतीयांश स्टॉपच्या आत. यंदाच्या मारबतीचा रोलही यात आहे आणि या वेळी त्यानं मीटर आकाशाकडे न धरता स्वतःच्या तळहाताकडे धरून एक स्टॉप वाढवला. पिवळीच्या खाली नाचणाऱ्यांचे चेहरे दिसतायत.

एक रोल तरी गेलाच. ऑगस्टमध्ये चेंजिंग बॅगमध्ये हाताला घाम, प्लॅस्टिकच्या रीलवर फिल्म अडकली, त्यानं ढकलली आणि चार फ्रेमवर चंद्रकोरीसारखे वळ उमटले. दमट हवेत रील कोरडं ठाक लागतं. आता तो आदल्या रात्री ते तांदळाच्या डब्याशेजारी, झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. या रोलच्या कडाही बाकीच्यांसारख्याच काळ्या आहेत. म्हणून दोष शोधायला नऊ महिने लागले नाहीत, पाच मिनिटं लागली.

जानेवारीचा रोल अजून व्हायचा आहे. तेव्हा टबमध्ये बर्फाऐवजी किटलीतलं गरम पाणी जाईल. बहिणीनं स्वयंपाकघरातल्या माठाला हात लावायची बंदी केल्यामुळे त्यानं सक्करदऱ्याच्या बाजारातून दुसरा माठ आणलाय. तो बाथरूममध्ये, ड्रमशेजारी आहे, आणि त्याच्या पोटावर मार्करनं मोठ्ठे २४ लिहिलेले आहेत.